चौथ्या स्वप्नाचा अर्थ

१२ जून १९७८, निपाणी

रोजनिशी आजपासून. एम.ए. झाल्यावर लिहीन म्हणत होतो, मग नोकरी लागल्यावर, मग लग्न झाल्यावर. आता तिन्ही झालं आणि सबबी संपल्या.

सकाळच्या गाडीनं बेळगावहून निघालो. एक ट्रंक, एक वळकटी, पुस्तकांची खोकी आणि बायकोनं, सोनूनं, बांधून दिलेला कुंद्याचा डबा. डबा संकेश्वर यायच्या आत निम्मा झाला, हे तिला कळवायचं नाही. निपाणीच्या स्टँडवर उतरलो आणि पहिल्या श्वासालाच शिंका. अख्ख्या गावाला तंबाखूचा वास आहे. वखारींना, पोत्यांना, बिड्या वळायला निघालेल्या बायकांच्या पदरांना, एवढंच काय, चहालाही. टांगेवाला म्हणाला, नवीन दिसताय, आठ दिसांत नाक मरतंय, मग काय न्हाय. असं स्वागत माझं आजवर कुठं झालं नव्हतं. गाव आवडलं.

कॉलेजात मराठीला मी एकटाच. कानडीचे सत्याप्पा म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांनी पहिल्या भेटीतच माझं भीमसेनचं भीमण्णा करून टाकलं. खोलीचं मात्र जड गेलं. दोन घरी आडनाव विचारलं आणि मग जागा कालच गेली असं कळलं. ह्याची मला लहानपणापासून सवय आहे, पण सवयीनं राग कमी होतो असं कुणी समजू नये. शेवटी सत्याप्पांनीच बाळाबाईंचं घर सुचवलं. बाई विधवा, एकट्या राहतात, माडी भाड्यानं देतात, पण मराठीच्या मास्तरलाच.

माडी झकास आहे. खिडकीखाली परस, परसात बांधीव विहीर, काठाला अबोलीचं झाड. बाई साठीच्या असतील. डोळे खोल गेलेले, वर्षानुवर्षं नीट झोप झाली नसावी असे. त्यांनी आडनाव विचारलं नाही. मी भिंतीला लावायला बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर काढली तर आपणहून खिळे आणि हातोडा आणून दिला. विचारलं ते एवढंच, की पोरांना पुस्तकाचा अर्थ सांगता न्हवं, आणि घरी पोरंबाळं हैत काय. म्हटलं, अर्थ सांगणं हाच आमचा धंदा. आणि बायको सांबऱ्याच्या शाळेत शिकवते, माहेर तिचं तिथलंच, दिवाळीनंतर पहिलं बाळ होईल. हे सांगताना मला हसू आवरेना. बाई काही हसल्या नाहीत. बरं झालं, असं काहीतरी म्हणाल्या आणि खाली गेल्या.

१९ जून

आता कामाचं. विद्यापीठानं बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला जी कादंबरी लावली आहे, ती ह्याच घरात लिहिली गेली. बाळाबाईंचे यजमान मारुतीराव प्राथमिक शाळेत मास्तर होते. 'नवव्या प्रहराचे कागद' ही त्यांची एकुलती एक कादंबरी. दिवसाचे प्रहर आठ. हा नववा म्हणजे दुपारच्या जेवणापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ, एवढं लेखकानं पहिल्या पानावर सांगितलंय. पुढं त्यानं काहीच सांगितलेलं नाही. पानांचे आकडे उलटे चालतात, माणसांची नावं वाक्याच्या मध्येच बदलतात, एका प्रकरणात तर नुसते स्वल्पविराम. समीक्षकांनी 'अनाकलनीय, म्हणूनच थोर' असं लिहून आपली सुटका करून घेतली. परीक्षेला बसणाऱ्या पोरांना तसं लिहून चालत नाही, म्हणून मी टिपा काढणार आहे. सगळ्या कादंबरीचा जीव तिच्यातल्या चार स्वप्नांत आहे. ती सुटली की बाकीचं सुटलं.

रोज सकाळी बाई विहिरीवर वाकून पाण्याशी काहीतरी पुटपुटतात. आज विचारलंच. त्या मूळच्या उचगावच्या. त्यांच्या घराण्यात रीत अशी, की पडलेलं स्वप्न पाण्याला सांगायचं, माणसाला नाही. माणसाला सांगितलंच, तर ऐकणाऱ्यानं 'पाण्यात जाऊ दे' एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. अर्थ काढायचा नाही. जो अर्थ काढील त्येच्या घरी सपान ऱ्हायला जातंय, बाई म्हणाल्या, आनि त्यानं जसा काढलाय तसंच व्हतंय. मी म्हटलं, मग माझ्याकडं चार पाहुणे येणार म्हणायचे. त्यावर त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, मास्तर, मी सांगितलंय हं, सांगितलं न्हाय म्हनू नगा. ही रीत मी टिपांसाठी उतरून घेतली. लोकसमजुतींचा कादंबरीवरील परिणाम, एक परिच्छेद फुकटात मिळाला.

८ जुलै

चारही टिपा झाल्या. वर्गात सांगून झाल्या, पोरांनी उतरून घेतल्या. सोनूलाही कार्बन कॉपी पाठवली. ती माझ्यापेक्षा बारीक वाचते. आज इतका खूश आहे की भाकरी एक जास्त खाल्ली. थोडक्यात इथंही लिहून ठेवतो.

पहिल्या स्वप्नात रवळनाथाच्या देवळातली मूर्ती पाठमोरी आहे. माणूस वळसा घालून पुढं जातो, तरी पाठच दिसते. माझा अर्थ असा की पाठ देवानं नाही, माणसांनी फिरवलीय; हाक मारणाऱ्याकडं कुणी वळून बघत नाही. दुसऱ्यात देवळाची घंटा विहिरीत पडते. वर काढून वाजवतात तर आवाजच नाही. हा सीमेवरच्या माणसाचा आवाज, विहिरीनं गिळलेला. तिसऱ्यात पालखीचे भोई गुडघ्यापर्यंत मातीत आहेत, तंबाखूच्या रोपासारखे लावलेले. इथल्या माणसाला पाऊल उचलत नाही, असा त्याचा अर्थ मी दिला.

चौथं हे माझं खरं यश. भर दुपारी एक बाई खोलीत निजली आहे. तिच्या उजव्या कुशीतून पांढरा हत्ती बाहेर येतो, सोंडेत कमळ, अंगण ओलांडतो आणि विहिरीत उतरतो. मागं पाळणा हलतो आहे. तिथं कादंबरी संपते. समीक्षकांनी ह्या हत्तीचा कुणी गणपती केलाय, कुणी ऐरावत, पण नाव देऊन थांबलेत, अर्थ कुणीच सांगितलेला नाही. अहो, बेळगावच्या स्टेशनात हमाली करणाऱ्या माझ्या बापानं, दीक्षा घेऊन आल्यावर, मांडीवर बसवून मला ही गोष्ट सांगितली होती. मायाराणीच्या उजव्या कुशीत पांढरा हत्ती शिरतो, दरबारातले जाणते त्या स्वप्नाचा अर्थ सांगतात, आणि बुद्ध जन्माला येतो. इथं लेखकानं हत्ती उलटा चालवलाय. तो आत येत नाही, बाहेर जातो. म्हणजे येणारं मूल येत नाही, आणि रिकामा पाळणा वाऱ्यानं हलत राहतो. मूळ गोष्टीत मूल झाल्यावर सातव्या दिवशी राणी जाते, पण कादंबरीशी त्याचा संबंध नाही म्हणून तेवढं टिपेतून काढून टाकलं.

सोनूचं उत्तर आजच आलं. पहिल्या तिन्ही टिपा झकास म्हणते. चौथी पटली न्हाई. कुठंतरी चुकलाय तुम्ही, पण कुठं ते अजून मला सापडेना, सापडलं की समोर येऊन सांगीन, पत्रात न्हाई. बाळ लाथा मारायला लागलंय म्हणे. बापाचा राग घेऊनच येणार असं तिच्या आईचं मत आहे.

२० जुलै

काल दुपारी जेवून जरा लवंडलो होतो. देऊळ दिसलं, समई, पाठमोरी मूर्ती. वळसा घालून पुढं गेलो तर परत पाठ. कादंबरी डोक्यात बसलीय, दुसरं काय, असं म्हणत उठलो आणि चहाला बाजारात गेलो.

चहाच्या गाड्यावरचा माणूस पाठमोरा होता. हाक मारली, वळला नाही. बाकावरची माणसं भिंतीकडं तोंड करून चहा पीत होती. पानवाला, वखारीच्या पायरीवरच्या बायका, शाळा सुटून चाललेली पोरं, कुणाचंच तोंड मला दिसेना. मी हाका मारत निम्मा बाजार पालथा घातला. घाबरलो असं नाही, संतापलो. एकाला खांद्याला धरून त्याच्या पुढं गेलो. तिथंही पाठच होती. मग मात्र त्याला सोडलं आणि परत चहाच्या गाड्याशी येऊन उभा राहिलो. दिवे लागायच्या सुमारास सगळे आपापले वळले आणि चहावाला म्हणाला, या सर, कवा आलाय.

सत्याप्पांना आज सांगितलं. ते म्हणाले, भीमण्णा, तंबाखू चढली तुला, नव्या माणसाला चढतीया. मीही हसलो. बाळाबाई आज भाकऱ्या थापताना गुणगुणत होत्या. काल दुपारी लई वर्सांनी डोळा लागला म्हणाल्या.

२ ऑगस्ट

पाठीचा प्रकार आता रोज दुपारी होतो. जेवण झालं की मी बाहेर पडत नाही.

पण आज दुपारी तास घ्यावा लागला. त्याआधी स्टाफरूममध्ये खुर्चीतच डोळा लागला आणि घंटा दिसली, ओली, शेवाळ धरलेली. वर्गात उभा राहिलो, तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. घोगरा नाही, बारीक नाही, काहीच नाही. पोरांना वाटलं सर गंमत करतायत. वास्तविक त्यांची तोंडं मला दिसत नव्हती, पाठच दिसत होती, पण हसणं ऐकू येत होतं. फळ्यावर 'तास नाही' लिहून घरी आलो. दिवेलागणीला आवाज परत आला. डॉक्टरनं घसा बघितला, काही नाही म्हणाला, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा.

मी देव मानत नाही, भूत मानत नाही. हे इथं मुद्दाम लिहून ठेवतो, कारण आज तांब्या घेऊन विहिरीपर्यंत गेलो आणि पाणी न काढताच परत आलो.

१४ ऑगस्ट

पाय गेले. दुपारपुरते. टेबलाशी लिहीत बसलो होतो, लिहिता लिहिता पालखी दिसली, भोई, त्यांचे गुडघे. उठायला गेलो तर गुडघ्याखाली माती. डोळ्यांना फरशी दिसते, पण पायांना ओली गार माती लागते आणि ती सोडत नाही. हात तेवढा चालत होता म्हणून हे लिहून ठेवता आलं.

पाठ, आवाज, पाय. पुस्तकातल्या क्रमानं, आणि मी पोरांना सांगितलेल्या अर्थानं. एका शब्दाचा फरक नाही.

आता एकच राहिलंय. चौथं. सोनूला सातवा लागेल आता.

१७ ऑगस्ट

सकाळी, आवाज होता तोवर, बाळाबाईंना धरून बसवलं आणि विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही.

स्वप्नं मारुतीरावांची. शिकलेला माणूस, पाण्याशी कसा बोलणार. त्यांनी कागदावर लिहिली आणि वाचून दाखवली नव्या नवरीला, म्हणजे ह्याच बाईंना. तिला माहेरची रीत ठाऊक होती. पण नवरा एवढ्या हौसेनं विचारतोय म्हणून जे सुचलं ते ती बोलून गेली. तेव्हापासून चारही तिची. चौथ्याचा अर्थ तिनंही माझ्यासारखाच काढला होता. हत्ती गेला म्हंजे लेकरू गेलं. सातव्या म्हैन्यात गेलं, मास्तर, बाई म्हणाल्या. मागनं ह्या घरात पाळना बांधलाच न्हाय. बायकोच्या अंगावरचं उतरावं म्हणून मारुतीरावांनी पुस्तक छापलं, कुणीतरी वाचील आणि अर्थ काढील म्हणून. पर सगळ्यांनी थोर हाय म्हनून हात जोडले, बाई म्हणाल्या, अर्थ कुनी काढलाच न्हाय. मग नवरा गेला आणि ह्या मराठीच्या मास्तरची वाट बघत बसल्या. आडनाव का विचारलं नाही ते मला आता कळलं. मी त्याला माणुसकी समजत होतो.

मी म्हटलं, मी दुसरा अर्थ सांगतो, चांगला सांगतो. चालत नाही, म्हणाल्या. आपण एकदा सांगितलेला अर्थ आपल्याला फिरवता येत नाही, दुसऱ्या कुणी स्वतःचा अर्थ सांगून स्वप्न घेतलं तरच ते जातं. मग म्हटलं, तुम्ही घ्या परत, तुमचं आता काय जायचं राहिलंय. फार वाईट बोललो. बाईंनी पदराचा बोळा तोंडात घातला आणि मान हलवत राहिल्या. नंतर म्हणाल्या, झोप लई ग्वाड असती मास्तर, मी पुन्यांदा न्हाय जागायची. आधी मला त्यांना मारावंसं वाटलं. मग मी त्यांच्या पायाशी बसलो. मी आजवर कुणाच्या पाया पडलो नव्हतो. त्या रडत आत निघून गेल्या.

२४ ऑगस्ट

आज एक नीच काम करायला गेलो.

सकाळी स्टाफरूममध्ये सत्याप्पा एकटेच होते. मी सहज बोलतोय असं दाखवत त्यांना चौथं स्वप्न सांगितलं, हत्ती, विहीर, पाळणा, आणि म्हटलं, तुम्हाला काय अर्थ वाटतो. ते खुलले. पेन खाली ठेवलं, हनुवटी खाजवली, छान आहे, छान आहे म्हणाले. मागच्या रविवारी त्यांच्या घरी जेवलो होतो. त्यांचं धाकटं पोर पाळण्यात होतं, गालाला काळी तीट, मला बघून बोळकं पसरून हसलं होतं. सत्याप्पा म्हणाले, हत्ती म्हणजे बघ भीमण्णा... आणि मी हातातला गरम चहा त्यांच्या मांडीवर ओतला.

ते फार चिडले. तंबाखू न्हाय, तुला रजा पायजे रजा, म्हणाले. बरोबरच आहे.

चाचणीच्या पेपरात तोच प्रश्न घालून ठेवला होता, 'तुमच्या शब्दांत अर्थ सांगा'. पहिल्या बाकावर मालू नावाची मुलगी बसते, जूनमध्ये लग्न झालेली. पेपर फाडला.

सोनूला लिहिलं. चौथ्या टिपेचा विचार करू नको, कुणापाशी बोलू नको, इकडं येऊ नको. असं लिहिल्यावर जी घरी बसेल ती सोनू नव्हे, हे पत्र पेटीत पडल्यावर सुचलं.

२ सप्टेंबर

आलं.

खोली हीच. बाजेवर सोनू. कूस उजवी. तो बाहेर आला तेव्हा काहीच आवाज झाला नाही, एवढं मोठं जनावर आणि — ओल्या मातीचा वास. जाताना माझ्याकडं बघितलं नाही. मला त्याची पाठच —

विहिरीत उतरला. पाणी वर आलं नाही.

दिवे लागेपर्यंत बसून होतो. ओरडता येत नाही म्हणून नुसतं तोंड उघडून.

५ सप्टेंबर

रोज येतो आता. रोज दुपारी. रोज बाजेवर ती. काल तिचं पोट — काल तो गेल्यावर पोट सपाट होतं.

तार केली. बरी आहेस ना. उत्तर आलं, दोघंही बरी, शनिवारी येते.

९ सप्टेंबर, जेवणानंतर

सोनू आली. धाकट्या भावाला घेऊन, सातव्या महिन्यात, गाडीचे धक्के खात. मला बघून आधी रडली, मग रागावली, मग तूप-गूळ-भाकरी खायला घातली. भाऊ बाजारात गेलाय. तिच्या पोटावर हात ठेवला. आतून लाथ बसली. ह्या दोन महिन्यांत एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

मी काही सांगणार नव्हतो. पण ती पाणी प्यायला खाली गेली ती तासभर आली नाही. बाळाबाईंनी तिला सगळं सांगितलं, रीत, मारुतीराव, सातवा महिना, सगळं. का सांगितलं कोण जाणे. पोरीचं पोट बघून ऱ्हावलं न्हाय म्हणाल्या.

सोनू वर आली ती शांत. म्हणाली, पोट माझं, आणि अर्थ तुम्ही एकट्यानंच काढून मोकळे झाला. मग तिनं पुस्तक मागितलं आणि शेवटचं पान उघडलं. पाळणा वाऱ्यानं हलतोय असं कुठं लिहिलंय, विचारलं. मी बघितलं. वारा कुठंच नाही. उलट वर तिसऱ्या ओळीत खोलीच्या खिडक्या बंद आहेत. मी ते पान किती वेळा शिकवलं असेल, आणि वारा माझाच होता.

म्हटलं, सोनू, हात जोडतो, बोलू नको. काही म्हणजे काही बोलू नको. तिनं माझ्या केसांतून हात फिरवला, म्हणाली, जेवून घ्या आधी. जेवताना बाळाचं नाव काय ठेवायचं ते बोलत होती. मुलगी झाली तर विशाखा. आणि बाळाला थान न्हाई मिळालं तर शेळीचं दूध चालतंय काय हो, असं मध्येच विचारलं. मी म्हटलं, चालतं. का विचारलं ते अजून —

९ सप्टेंबर, दुपार

ती बाजेवर नाही. मी डोळे उघडले तर बाज रिकामी. हत्ती आला नाही आज.

खाली आहे. विहिरीवर. काठाला वाकून उभी, बाळाबाई शेजारी. खिडकीतून दिसतेय. पाठमोरी.

हाक मारतोय. आवाज नाही. पाय — माती आहे, गुडघ्यापर्यंत. टेबल उलटवायला गेलो, हात पेनावरून निघत नाही. हात लिहितोच आहे.

पाण्याला सांगेल. पाण्याला सांगितलं तर काही होत नाही. सोनू, पाण्याला —

नाही. बाळाबाईंशी बोलतेय. माणसाला सांगतेय. बाई नगं पोरी, नगं गं म्हणतायत, रडतायत. तिचा आवाज स्पष्ट येतोय, शाळेत पोरांना सांगते तसा, सावकाश. ह्यांचं एका जागी चुकलंय आक्का. खिडक्या बंद हैत, वारा न्हाई. आत बाळ हाय म्हणून पाळणा हलतोय. बाळ आलंय. हत्ती म्हंजे बाळ न्हवंच.

मग बाहेर जातं ते कोण — मला माहीत आहे. बापानं मांडीवर बसवून सांगितलं होतं. मीच टिपेतून काढून टाकलं. सातव्या दिवशी राणी —

सोनू वळ. एकदा वळून बघ गं. मी इथं आहे, खिडकीत, तोंड उघडून — वळत नाही, मीच सांगितलंय कुणी वळत नाही म्हणून, सोनू, माझं राहू दे माझ्यावर, नको घेऊ, बोलू नको —

ती म्हणतेय, बाळ ऱ्हातंय आक्का, आणि जाते ती